फ्रांचेस्को दे सांक्तिस : एका वाङ्मयेतिहासकाराची गोष्ट

एक

इटली मराठी वाचकाच्या मनात दोन वाटांनी आली. पहिली वाट राजकारणाची. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे एके काळी आपल्याकडे शाळकरी मुलांच्याही तोंडी होती. सावरकरांनी केलेले मॅझिनीच्या लेखनाचे मराठी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या प्रस्तावनेने एक पिढी झपाटली. दुसरी वाट सौंदर्यशास्त्राची. अभिव्यक्तीविषयीचा क्रोचेचा सिद्धांत आपल्या समीक्षेत पुष्कळ चर्चिला गेला, आणि १९७४ साली रा. भा. पाटणकर ह्यांनी ‘क्रोचेचे सौंदर्यशास्त्र : एक भाष्य’ लिहून त्याची साधकबाधक मांडणी मराठीत केली. ह्या दोन वाटा परस्परांपासून फार दूर आहेत असे आपण धरून चाललो. मॅझिनी देशभक्तांचा, क्रोचे प्राध्यापकांचा, अशी आपण त्यांची वाटणी करून टाकली.

पण ह्या दोन्ही वाटा जेथे एकत्र येतात असे एक ठिकाण आहे. त्या ठिकाणाचे नाव फ्रांचेस्को दे सांक्तिस. त्याने राष्ट्रासाठी तुरुंगवास भोगला, हद्दपारी सोसली, आणि स्वतंत्र झालेल्या राष्ट्राचे शिक्षणखाते सांभाळले. त्यानेच ‘इटालियन वाङ्मयाचा इतिहास’ हा ग्रंथ लिहिला. क्रोचे त्याचा मानसशिष्य. १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सौंदर्यशास्त्रावरील ग्रंथात क्रोचेने त्याच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आणि आपले ऋण मोकळेपणाने मान्य केले. आपण क्रोचे वाचला. ज्याच्या खांद्यावर तो उभा होता त्याच्याकडे मात्र पाहिले नाही.

ह्या लेखात दे सांक्तिसचे चरित्र थोडक्यात सांगून त्याच्या समीक्षेचे मर्म काय आणि तिचे मर्यादास्थान कोणते, ह्याचा विचार करावयाचा आहे. केवळ एका परकीय पंडिताची ओळख करून द्यावी एवढाच माझा हेतू असता, तर वाचकाला दिवाळीच्या दिवसांत मी तसदी दिली नसती. आशय आणि आकार ह्यांच्याविषयी, तसेच वाङ्मयाचा इतिहास कसा लिहावा ह्याविषयी, आपल्याकडे जे वाद झाले आणि न सुटताच थकून थांबले, त्यांच्यावर ह्या माणसाच्या लेखनाने काही प्रकाश पडतो, असे मला वाटते.

दोन

दक्षिण इटलीत, नेपल्सपासून आत, इर्पीनिया नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्या प्रदेशातील मोर्रा ह्या खेड्यात २८ मार्च १८१७ रोजी दे सांक्तिस जन्मला. आज ते गाव त्याच्याच नावाने ओळखले जाते. लहानपणीच त्याला शिक्षणासाठी नेपल्सला चुलत्याकडे पाठविण्यात आले. पुढे तो मार्क्विस बाझीलिओ पुओती ह्याच्या विद्यालयात दाखल झाला. पुओती शुद्ध भाषेचा कट्टर उपासक. चौदाव्या शतकातील तोस्कानी लेखकांनी वापरला तोच शब्द शुद्ध, बाकीचे सारे भ्रष्ट, असा त्याचा दंडक. आपल्याकडील भाषाशुद्धीच्या चळवळी आठवल्या म्हणजे हा मनुष्य आपल्याला अगदीच अनोळखी वाटत नाही. ह्या शाळेत दे सांक्तिस शब्द तोलून वापरावयास शिकला. आणि नुसत्या शब्दांवर वाङ्मय उभे राहत नाही, हेही त्याला तेथेच कळू लागले.

त्या शाळेतील एक प्रसंग त्याने आत्मचरित्रात सांगितला आहे. एके दिवशी कवी लेओपार्दी शाळा पाहावयास येणार होता. आयुष्याची शेवटची वर्षे लेओपार्दीने नेपल्समध्ये काढली. विद्यार्थ्यांनी मनात कोणी भव्य पुरुष कल्पिला होता. प्रत्यक्षात आला तो एक कृश, खंगलेला मनुष्य. दे सांक्तिसने त्या दिवशी आपला निबंध वाचून दाखविला. तो संपल्यावर कवीने त्याला जवळ बोलाविले, त्याचे कौतुक केले आणि ह्या मुलाच्या अंगी समीक्षेची चांगली पात्रता आहे असे सांगितले. भाकिते बहुधा मागाहून रचली जातात. पण हे भाकीत खरे ठरले, आणि दे सांक्तिसने ते ऋण जन्मभर फेडले. १८३७ साली निवर्तलेल्या ह्या कवीवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या स्वतःच्या मृत्यूनंतर, १८८५ साली, अपूर्ण स्थितीत प्रसिद्ध झाला. म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत तो लेओपार्दीशी बोलतच होता.

१८३९ पासून दे सांक्तिसने नेपल्समध्ये स्वतःचे वर्ग चालविले. पुढे तेथील लष्करी विद्यालयातही तो शिकवू लागला. १८४८ साल उजाडले. युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला आणि नेपल्सच्या बूर्बों राजाने दिलेली राज्यघटना त्यानेच पायदळी तुडविली. १५ मे रोजी शहराच्या रस्त्यांवर लढाई झाली. दे सांक्तिस आपल्या विद्यार्थ्यांसह तीत उतरला होता. लुईजी ला विस्ता हा त्याचा अत्यंत गुणी विद्यार्थी त्या दिवशी राजाच्या स्विस सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याचे वय अवघे बावीस. पुढे विख्यात इतिहासकार झालेला पास्क्वाले व्हिल्लारी हाही त्याच वर्गातला. ज्या वर्गात काल दांतेवर व्याख्यान झाले, त्या वर्गातले एक बाक आज रिकामे आहे, हा अनुभव ज्या शिक्षकाने घेतला त्याला ‘वाङ्मयाचा जीवनाशी संबंध काय?’ हा प्रश्न परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाटणे शक्य नव्हते.

नोकरी गेली. तो कालाब्रियात एका सरदाराच्या घरी शिकवणी करून लपून राहिला. १८५० च्या डिसेंबरात तो पकडला गेला आणि नेपल्सच्या समुद्रातील ‘अंड्याचा किल्ला’ ह्या नावाच्या दुर्गात त्याला डांबण्यात आले. लोककथा अशी की, महाकवी व्हर्जिलने ह्या किल्ल्याच्या पायात एक जादूचे अंडे पुरून ठेवले आहे आणि ते शाबूत आहे तोवर किल्ला आणि शहर शाबूत राहील. व्हर्जिलच्या त्या किल्ल्यात दांतेचा हा भाष्यकार जवळजवळ तीन वर्षे राहिला. तेथे तो जर्मन शिकला, हेगेलच्या तर्कशास्त्राशी झुंजला, रोझेनक्रान्ट्सच्या काव्येतिहासाचे भाषांतर केले. १८५३ साली त्याला अमेरिकेकडे हद्दपार करण्यात आले. वाटेत माल्टा बेटावर तो उतरला आणि तेथून तूरिनला पोहोचला. तूरिनमध्ये त्याने दिलेल्या दांतेवरील व्याख्यानांनी त्याचे नाव झाले, आणि १८५६ साली झूरिक येथील नव्या तंत्रविद्यापीठात इटालियन वाङ्मयाचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली.

१८६० मध्ये गॅरिबाल्डीने दक्षिण इटली मुक्त केली आणि दे सांक्तिस घरी परतला. गॅरिबाल्डीच्या राजवटीत तो आधी आव्हेल्लिनो प्रांताचा राज्यपाल आणि मग नेपल्सच्या शिक्षणखात्याचा प्रमुख झाला. तेथील विद्यापीठातील जुन्या राजवटीचे अनेक अध्यापक त्याने दूर केले. १८६१ साली काव्हूरच्या मंत्रिमंडळात तो एकसंध इटलीचा पहिला शिक्षणमंत्री झाला. त्या वर्षी देशातील सुमारे तीन-चतुर्थांश लोक निरक्षर होते. दांतेच्या भाषेचे राष्ट्र झाले होते. पण त्या राष्ट्रातील बहुसंख्य लोकांना दांते वाचता येत नव्हता. ही गोष्ट दे सांक्तिस कधी विसरला नाही. १८७८ साली आणि पुन्हा १८७९ ते १८८१ ह्या काळात तो त्याच खात्यावर आला. शेवटी डोळे अधू झाले. आत्मचरित्र त्याने पुतणीला सांगून लिहविले. तेही अपुरेच राहिले आणि व्हिल्लारीने ते १८८९ साली प्रसिद्ध केले. २९ डिसेंबर १८८३ रोजी नेपल्समध्ये त्याचा अंत झाला.

तीन

आता त्याच्या समीक्षेकडे वळू. आपल्याकडे कविता शिकविताना फळ्यावर दोन रकाने पाडण्याची पद्धत आहे. एका रकान्यात ‘आशय’, दुसऱ्यात ‘भाषाशैली व अलंकार’. मी स्वतः कित्येक वर्षे असे रकाने पाडले आहेत आणि विद्यार्थ्यांनी ते उत्तरपत्रिकांत इमानाने उतरविले आहेत. ह्या पद्धतीच्या मुळाशी एक समजूत असते : कवीपाशी आधी एक विचार असतो आणि मग तो त्याला सुंदर वस्त्रे नेसवितो. दे सांक्तिसचे सारे समीक्षालेखन ह्या समजुतीविरुद्ध चाललेले एक दीर्घ भांडण आहे.

त्याच्या मते आकार हे आशयावर चढविलेले वस्त्र नव्हे, त्यावर ओढलेला पडदा नव्हे, किंवा ज्यात त्याचे प्रतिबिंब पडावे असा आरसाही नव्हे. कवीच्या मनात शिरताना आशय नुसता कच्चा माल असतो. तो धर्मशास्त्रातून आलेला असेल, इतिहासातून आलेला असेल, बाजारगप्पांतूनही आलेला असेल. कवीच्या कल्पनाशक्तीत तो विरघळतो आणि जिवंत आकार होऊन बाहेर येतो. जो विरघळला नाही, तो काव्यात दगडासारखा तसाच पडून राहतो. म्हणून कवीने काय करावयाचे ठरविले होते आणि प्रत्यक्षात त्याच्या हातून काय निर्माण झाले, ह्या दोन गोष्टी समीक्षकाने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिलीवरून दुसरीचे मोल ठरत नाही.

हा विचार त्याने हेगेलपासून घेतला आणि हेगेलवरच उलटविला. हेगेलला कलेत कल्पनेचे, म्हणजे तत्त्वाचे, प्रकटीकरण दिसले; दे सांक्तिसला तत्त्व जेथे मरते आणि माणूस जेथे जन्मतो तेथे कला दिसली. १८६९ साली दांतेच्या ‘नरका’तील तीन पात्रांवर त्याने जे निबंध लिहिले, त्यांत ह्या विचाराचे प्रात्यक्षिक पाहावयास मिळते.

पाचव्या सर्गातील फ्रांचेस्का घ्या. दिराशी जडलेल्या प्रेमापायी पतीच्या हातून मारली गेलेली ही स्त्री, प्रियकरासह वादळात अखंड भिरभिरत आहे. दांतेच्या योजनेप्रमाणे ती कामवासनेच्या पापाचे उदाहरण. जुन्या भाष्यकारांनी तिच्यात हा धडा शोधला. काहींनी कवीला तिची दया का यावी, ह्याचे कोडे सोडविण्यात शक्ती वेचली. दे सांक्तिस म्हणतो की ती कशाचेच उदाहरण नाही. तिच्याआधीच्या काव्यातील स्त्री ही पुरुषाच्या स्तुतीत तरंगणारी मूर्ती होती. बेआत्रिचे सद्गुण होती, स्त्री नव्हती. फ्रांचेस्का दुर्बल आहे, प्रेमात पडलेली आहे, लाजणारी आहे, पाप जाणणारी आहे, आणि तरीही ते प्रेम नाकारणे तिला शक्य नाही. म्हणून आधुनिक काव्यात जन्मलेली ती पहिली जिवंत स्त्री. आणि पाओलो? तो सबंध सर्गात एक शब्दही बोलत नाही. ती बोलते, तो रडतो. दे सांक्तिसच्या मते ही दोन पात्रे नव्हेतच. तिचे शब्द आणि त्याचे अश्रू मिळून एकच भावना पूर्ण होते. हे वाचल्यावर तो सर्ग पुन्हा उघडून पाहावा. पाओलोचे मौन आपल्याला प्रथमच ऐकू येते.

दहाव्या सर्गातील फारिनाता जळत्या थडग्यातून कमरेपर्यंत उभा राहतो. योजनेप्रमाणे तो पाखंडी, शिक्षेला पात्र. पण कवीच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो नरकालाही न जुमानणारा पुरुष. तेहतिसाव्या सर्गातील उगोलिनोने मुलांसह मनोऱ्यात उपासमार भोगली आणि मग दुःखाला जे जमले नाही ते भुकेने केले, अशा अर्थाच्या ओळीवर त्याचे निवेदन संपते. त्याने मुलांचे मांस खाल्ले की तो नुसता उपाशी मेला, ह्यावर पंडितांनी वर्षानुवर्षे वाद घातला. दे सांक्तिसने हा वादच निकालात काढला. त्या ओळीचा शब्दार्थ सरळ आहे, पण तिच्याभोवती अंधार आहे. आणि तो अंधार हेच तिचे काव्य. दिवा घेऊन तेथे शिरणाऱ्याला भिंती दिसतील, भय दिसणार नाही. काव्यात काय सांगितले आहे इतकेच काय सांगावयाचे टाळले आहे हेही वाचावे लागते, ही जाणीव आज आपल्याला नवी वाटत नाही. १८६९ साली ती नवी होती.

चार

‘इटालियन वाङ्मयाचा इतिहास’ १८७० आणि १८७१ ह्या वर्षांत नेपल्सच्या मोरानो ह्या प्रकाशनसंस्थेने दोन खंडांत काढला. तो मुळात विद्यालयांसाठी म्हणून लिहावयास घेतलेला ग्रंथ. पाठ्यपुस्तक लिहावयास बसावे आणि महाग्रंथ व्हावा, असा प्रकार वाङ्मयात फार क्वचित घडतो.

ह्या ग्रंथात कवींची यादी नाही. त्यात एक कथा आहे. कथेचा नायक आहे इटालियन मन. सिसिलीच्या प्रारंभीच्या गीतांपासून हे मन निघते. दांतेमध्ये ते स्वर्ग, नरक आणि पृथ्वी एका श्रद्धेच्या कवेत घेते. पेत्रार्कमध्ये ती श्रद्धा हळवी होते. माणूस मागे सरतो आणि कलावंत पुढे येतो. बोकाचिओमध्ये ती हसण्यावारी नेली जाते. दांतेच्या दैवी नाटकाच्या जागी मानवी नाटक येते. आरिओस्तो सुंदर स्वप्नांशी खेळतो आणि खेळता खेळता स्मित करतो, कारण स्वप्न खरे नाही हे त्याला ठाऊक आहे. कलेचे वैभव चढत जाते आणि त्याच वेळी धर्म, नीती, देश ह्यांविषयीची आस्था विझत जाते. सोळाव्या शतकात परकीय सैन्ये आल्प्स ओलांडतात तेव्हा युरोपातील सर्वांत सुसंस्कृत राष्ट्र प्रतिकाराला उभे राहत नाही. पुढे मारीनो आणि आर्केडिया संप्रदायाच्या कवींत उरतो तो नुसता नाद. मेतास्तासिओच्या संगीतिकांत शब्द सुरांत विरून जातात. मग ब्रूनो, कांपानेल्ला, गॅलिलिओ, व्हीको ह्या शास्त्रज्ञांत आणि तत्त्वज्ञांत विवेक पुन्हा जागा होतो. गोल्दोनी, पारीनी, आल्फिएरी ह्यांच्या लेखनात माणूस परत येतो. आणि मान्झोनी-लेओपार्दीपाशी ग्रंथ नव्या काळाच्या उंबरठ्यावर थांबतो.

ह्या कथेच्या मध्यावर मॅकिआव्हेलीचे प्रकरण आहे. कपटाचा आचार्य म्हणून जगाने ज्याला झिडकारले, त्याच्यात दे सांक्तिसला आधुनिक इटलीचा खरा प्रारंभ दिसतो. ह्या माणसाने आकाशावरची नजर काढून पृथ्वीवर लावली. जे असावे त्याऐवजी जे आहे ते पाहिले. आणि स्वर्गाच्या जागी देश ठेवला. त्याचे गद्यही तसेच : अलंकार नाहीत, घोळदार वाक्ये नाहीत, वस्तू आणि शब्द ह्यांच्यात अंतरच नाही. सभोवार सारे लेखक शब्दांची नक्षी काढीत असताना ह्या एकट्याने शैलीचा विचारच केला नाही, आणि म्हणून त्याला शैली लाभली.

हे प्रकरण लिहीत असतानाच २० सप्टेंबर १८७० ची घटना घडली. इटलीच्या सैन्याने रोममध्ये प्रवेश केला. पोपची ऐहिक सत्ता संपली आणि देशाचे एकीकरण पुरे झाले. नेपल्समध्ये घंटा घणघणू लागल्या. दे सांक्तिसने लेखणी खाली ठेवली नाही. आपण लिहीत असताना ह्या घंटा वाजत आहेत आणि रोममधील प्रवेशाची वार्ता देत आहेत, हे त्याने त्याच परिच्छेदात नमूद केले आणि मॅकिआव्हेलीचा जयजयकार केला. साडेतीनशे वर्षांपूर्वी एकाने जे मनात धरले, ते त्याच्यावर लिहिणाऱ्याच्या कानांवर पडत होते. वाङ्मयाच्या इतिहासग्रंथात इतिहासच असा खिडकीतून आत शिरल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

पाच

येथे थांबून काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. कारण भक्तीच्या भरात लिहिलेली समीक्षा दे सांक्तिसला स्वतःलाच आवडली नसती.

पहिला आक्षेप पंडितांचा. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या काळी कार्दुच्चीसारख्यांच्या प्रभावाखाली कागदपत्रे, पाठभेद आणि सनावळ्या ह्यांच्या अभ्यासाची एक कसून काम करणारी परंपरा उभी राहत होती. तिने ह्या ग्रंथात तपशिलाच्या चुका दाखविल्या, आणि त्या होत्याच. नियोजित जागा संपत आल्यामुळे एकोणिसाव्या शतकाला तर त्याने काही पानांत गुंडाळले; ती उणीव पुढे १८७२ ते १८७६ ह्या काळात नेपल्स विद्यापीठातील व्याख्यानांनी त्याने भरून काढली. मान्झोनी, मॅझिनी आणि त्याचा लोकशाहीवादी संप्रदाय, लेओपार्दी हे त्या व्याख्यानांचे विषय. चुका पुढच्यांनी दुरुस्त केल्या. ग्रंथ मात्र त्यांच्या दुरुस्त्यांपेक्षा अधिक जगला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. १९६७ साली कार्लो दिओनिझोत्ती ह्याने ‘इटालियन वाङ्मयाचा भूगोल आणि इतिहास’ ह्या आपल्या ग्रंथात, एका सरळ रेषेत चालणारा राष्ट्रीय वाङ्मयेतिहास हीच मुळी शंकास्पद कल्पना आहे असे दाखविले. इटली ही शतकानुशतके अनेक नगरांची, अनेक बोलींची, अनेक केंद्रांची भूमी होती. व्हेनिसच्या आणि नेपल्सच्या लेखकांना फ्लॉरेन्सच्या दोऱ्यात ओवून एकच माळ करावयाची, तर बरेच मणी गळणार. एकीकरणाच्या वर्षी लिहिलेल्या इतिहासाला सारा भूतकाळ एकीकरणाकडे चाललेला दिसावा, हे स्वाभाविक आहे. पण स्वाभाविक ते सर्वस्वी सत्य असतेच असे नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला छळणारा आहे. आशयावरून काव्याचे मोल करू नका असे बजावणारा हा समीक्षक, इतिहास लिहू लागला की आरिओस्तोला ‘तुझी श्रद्धा कोठे आहे?’ असे का विचारतो? पेत्रार्कवरील ग्रंथात (मूळ व्याख्याने झूरिकमध्ये दिलेली, ग्रंथ १८६९) कवीच्या कलेची इतकी सूक्ष्म चिकित्सा केल्यावर, त्याच्यातील माणूस कलावंताने गिळला ह्याबद्दल तो हळहळतो का? हा सिद्धांत आणि व्यवहार ह्यांतील विरोध नव्हे काय?

पुष्कळ दिवस मला तसे वाटले. आज वाटत नाही. दे सांक्तिस कवीकडे विशिष्ट आशय मागत नाही. देशभक्तीची कविता लिहा असे तो कोणाला सांगत नाही. लेओपार्दी तर निराशेचा कवी. १८५८ साली लिहिलेल्या ‘शोपेनहाउअर आणि लेओपार्दी’ ह्या संवादात त्याने दोघांच्या निराशेची तुलना केली आणि निष्कर्ष काढला की लेओपार्दीचा परिणाम त्याच्या मताच्या नेमका उलट होतो. प्रगतीवर त्याचा विश्वास नाही, पण त्याला वाचणाऱ्याच्या मनात तिची ओढ निर्माण होते. ह्या संवादात शोपेनहाउअरला यथेच्छ चिमटे काढले आहेत, आणि तरीही खुद्द शोपेनहाउअरने तो वाचून वाखाणला. म्हणजे दे सांक्तिसला हवी आहे ती मतांची शुद्धता नव्हे, तर आस्था. लिहिणाऱ्याला काहीतरी खरोखर महत्त्वाचे वाटत असले पाहिजे. जेथे ती आस्था संपते, तेथे आकारही आतून पोकळ होतो आणि नुसता नाद उरतो. त्याच्या सिद्धांताचा हा भंग नव्हे. तो त्याचा शेवटचा निष्कर्ष आहे. आकार आशयातून जन्मतो हे खरे असेल, तर मेलेल्या आशयाला जिवंत आकार कोठून येणार?

तो मेतास्तासिओवर, मारीनोवर, कधी आरिओस्तोवरही अन्याय करतो, हे मान्य केले पाहिजे. आनंदाने केलेला खेळ हीही एक आस्था असू शकते, हे त्याला पुरेसे उमगले नाही. तुरुंगातून आलेल्या आणि विद्यार्थ्याचे प्रेत पाहिलेल्या माणसाला खेळ समजावयास कठीण जातो.

सहा

त्याच्या मृत्यूनंतर काही काळ तो विस्मृतीत गेला. क्रोचेने १८९७ साली एकोणिसाव्या शतकावरील त्याची व्याख्याने संपादून काढली आणि त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. पण क्रोचेने त्याच्यातले अर्धेच घेतले. आकाराचा सिद्धांत त्याने उचलला आणि तर्काच्या टोकापर्यंत नेला. इतिहासाची कथा मात्र त्याने बाजूला ठेवली. प्रत्येक कलाकृती एकमेव असल्यामुळे खरा वाङ्मयेतिहास स्वतंत्र निबंधांचाच असू शकतो, असे त्याचे मत. १९३३ साली जेन्तीलेने ‘दे सांक्तिसकडे परत चला’ अशी हाक दिली. तीच हाक ग्राम्शीने मुसोलिनीच्या तुरुंगातील आपल्या वह्यांत वेगळ्या अर्थाने उच्चारली. क्रोचेची समीक्षा शांत, निर्विकार. दे सांक्तिसची लढाऊ, कारण ती एका संस्कृतीसाठी झगडत होती, असा भेद ग्राम्शीने केला. एका कैद्याने दुसऱ्या कैद्याला ओळखावे, तसे ते झाले. पण ग्राम्शीनेही त्याच्यातले आपल्याला हवे असलेले अर्धे उचलले.

आणि येथे मला आपल्याकडील वाद आठवतो. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला?’ ह्या प्रश्नावर फडके आणि खांडेकर ह्यांच्या नावांभोवती आपण दोन तट उभारले. पुढे मर्ढेकरांनी लयतत्त्वांचा विचार मांडून तो वाद अधिक उंचीवर नेला. तरी फळ्यावरचे रकाने पुसले गेले नाहीत. एकाने आकाराचा रकाना उचलला, दुसऱ्याने आशयाचा. दे सांक्तिस ह्या वादात कोणत्याच तटावर बसत नाही. वाक्याची घडण पाहता पाहता तो तिच्यामागच्या माणसाच्या सदसद्विवेकापर्यंत पोहोचतो, आणि त्या विवेकाविषयी बोलताना पुन्हा वाक्याकडेच बोट दाखवितो. दोन्ही गोष्टी एकाच वाचनात घडतात.

वाङ्मयेतिहासाच्या बाबतीतही त्याच्यापासून शिकण्यासारखे आहे. भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’पासून महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या खंडांपर्यंत मराठीत मोठे परिश्रम झाले आणि त्यांवाचून आपले पाऊल पुढे पडणार नाही. पण अनेक हातांनी लिहिलेले खंड वाचताना माहिती मिळते. त्या माहितीतून मराठी मनाचे काय झाले, ते केव्हा जागे होते आणि केव्हा नुसते नादावर तरंगत होते, ह्याचा निर्णय करण्याची जोखीम कोणी सहसा घेत नाही. दे सांक्तिसने ती घेतली. म्हणून तो चुकला, आणि म्हणूनच दीडशे वर्षांनंतरही त्याच्याशी भांडता येते. बिनचूक नोंदवहीशी कोण भांडतो?

१८७५ च्या जानेवारीत, म्हातारपणाकडे झुकलेला हा गृहस्थ आपल्या जन्मप्रांतात निवडणुकीसाठी हिंडत होता. हिवाळ्याच्या दिवसांत, डोंगरी रस्त्यांनी, गावोगाव. गावातले तंटे, जुनी वैरे, खोटी आश्वासने हे सारे त्याने पाहिले आणि त्यावर ‘निवडणुकीचा प्रवास’ नावाचे एक लहानसे, हसरे, थोडे उदास पुस्तक लिहिले. त्या घंटांचा नाद विरून पाच वर्षेही झाली नव्हती. राष्ट्र झाले होते, पण ज्यांचे ते व्हावयाचे त्यांच्यापर्यंत अजून पोहोचले नव्हते. दुसरा एखादा ह्या अनुभवाने कडवट झाला असता. दे सांक्तिस परत नेपल्सला आला आणि लेओपार्दीवरच्या व्याख्यानांच्या तयारीला लागला. त्याच्या हिशेबी ते एकच काम होते.